सकाळी अंतरपाट, दुपारी रजिस्ट्रार: इंग्लंडमधल्या आमच्या वेडिंग प्लॅनर बाईंबद्दल

परदेशात मुलामुलींची लग्नं ठरली आहेत अशा आईवडिलांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. माझी लेक ऑक्सफर्डला नोकरी करते, जावई इंग्रज. लग्न तिकडेच, ऑक्सफर्डशायरमधल्या एका जुन्या दगडी कोठारात, जून महिन्यात झालं. एके काळी धान्य साठवायची अशी कोठारं तिकडे आता लग्नांसाठी भाड्याने देतात. आम्ही पुण्यात, व्याही तिकडे, पाहुणे सव्वाशे, त्यातले चाळीसेक भारतातून आलेले. हे सगळं एका प्लॅनर बाईंनी आणि त्यांच्या हाताखालच्या दोन मुलींनी तडीला नेलं. त्यांचं काम मला मनापासून आवडलं. जिथे कमी पडलं तेही खाली लिहिलं आहे.

त्यांच्याआधी आम्ही आणखी काही जणांशी बोललो होतो. बहुतेकांचं म्हणणं एकच: दोन्ही पद्धती एकत्र करून पाऊण तासाचा सुटसुटीत समारंभ करू. सप्तपदीच्या मध्येच अंगठ्या बदलायच्या, होमाभोवती फिरताना पियानो वाजवायचा, मंगलाष्टका एक-दोनच. ऐकूनच माझा जीव खाली-वर झाला. अशाने आपलंही धड होत नाही आणि त्यांचंही. आमच्या बाईंनी पहिल्याच बोलण्यात सांगितलं, की दोन लग्नं पूर्णच्या पूर्ण लावू, मध्ये मोकळा वेळ ठेवू, आणि दोन्हीकडच्या माणसांना दोन्हीकडे काम देऊ. याच एका गोष्टीसाठी आम्ही त्यांना नेमलं आणि त्या शेवटपर्यंत या शब्दाला जागल्या.

त्यांनी आजवर केलेली भारतीय लग्नं म्हणजे पंजाबी आणि गुजराती. त्यामुळे आधी वरात, घोडा, संगीत, मेंदीची रात्र असे प्रश्न आले. लेकीने सांगितलं, आमच्याकडे यातलं काही नाही, आमचं लग्न सकाळी लागतं आणि पंगत दुपारी बसते. त्यावर त्या म्हणाल्या, मग पहिल्यापासून सांगा. मी एकेक विधी सांगत गेले आणि त्या प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारत गेल्या: हे कोण करतं, त्याला काय लागतं, आणि हे झालं नाही तर कोणाला चुटपुट लागेल? तिसरा प्रश्न मला आपल्याकडच्या कार्यालयवाल्यांनीही कधी विचारलेला नाही. त्यातूनच ठरलं, की ग्रहमख आम्ही पुण्यात घरी करून जायचं, सीमांतपूजन अगदी थोडक्यात आदल्या संध्याकाळी उरकायचं, पण सूनमुख, कानपिळी आणि झाल यांना हात लावायचा नाही. आठवड्याभरात त्यांनी तक्ता पाठवला. त्यात ‘वधूचे मामा’, ‘करवली’, ‘वधूचा भाऊ’ अशी माणसं वेळेनिशी लिहिली होती आणि शेजारी इंग्रज बाजूचा तसाच तक्ता होता.

त्या तक्त्यात ‘वराचे मामा’ ही ओळ रिकामी होती. अंतरपाटाच्या वेळी दोघांचेही मामा पाठीशी उभे राहतात असं मी सांगितलं होतं, तेवढ्यावरून त्यांनी विहीणबाईंना फोन करून त्यांच्या भावाचं नाव विचारून घेतलं. ते गृहस्थ सत्तरीचे, शेतकरी, उंच आणि मितभाषी. लग्नाच्या दिवशी फेटा बांधून ते भाच्याच्या मागे जे उभे राहिले, ते सगळ्या मंगलाष्टका संपेपर्यंत हलले नाहीत. नंतर माझ्या भावाने आणि त्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. हे आम्हाला कोणाला सुचलं नसतं.

मुहूर्ताबद्दल जरा सांगते, कारण तिकडे लग्न करणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे. माझ्या भावाने दाते पंचांगातून तारीख काढली आणि त्याचा आग्रह गोरज मुहूर्ताचा होता. गुरुजी लंडनजवळ राहणारे, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून मिळालेले. (लंडनचं हे मंडळ १९३२ सालापासून चालू आहे. तिकडे काही अडलं तर आधी तिथे विचारावं.) गुरुजींनी समजावलं, की मुहूर्त त्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्तावरून धरायचा. जूनच्या अखेरीस ऑक्सफर्डला सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या सुमारास! तेव्हा गोरज सोडून सकाळचा ११ वाजून १२ मिनिटांचा मुहूर्त धरला. प्लॅनर बाईंनी तो आकडा अतिशय गांभीर्याने घेतला. गुरुजींकडून उलट मोजून घेतलं: अंतरपाट कधी धरायचा, मंगलाष्टका किती मिनिटांच्या, लेक मामाबरोबर कधी निघायची. अकरा वाजून बारा मिनिटांनी अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या. पुण्यात तेव्हा पावणेचार व्हायला आले होते. प्रवास न झेपणाऱ्या माझ्या सासूबाई घरी टीव्हीवर बघत होत्या. त्यांच्यासाठी बाईंनी बोहल्यासमोर एक वेगळा कॅमेरा कायमचा लावून ठेवला होता, मधे कोणी उभं राहणार नाही अशा जागी. सासूबाईंनी इकडे घरात बसून अक्षता टाकल्या.

आता कायद्याचं. तिकडे आपल्या विधींनी लागलेलं लग्न एवढ्याने कायद्याने लागत नाही. त्यासाठी मुलामुलीने रजिस्टर ऑफिसात स्वतः जाऊन नोटीस द्यावी लागते, त्यानंतर किमान २८ दिवस थांबावं लागतं, आणि लग्नाची जागाही नोटिशीत लिहावी लागते, म्हणून जागा आधी पक्की हवी. आमच्या कोठाराला सिव्हिल लग्नाचा परवाना होता. १ जुलै २०२१ पासून अशा परवान्याच्या जागेच्या आवारात उघड्यावरही सिव्हिल लग्न लावता येतं. जावयाला वाटत होतं, सकाळच्याच मांडवात दुपारचंही करावं, खर्च वाचेल. बाईंनी नको सांगितलं. सिव्हिल समारंभात धार्मिक काही चालत नाही, ना प्रार्थना, ना स्तोत्र, ना भजन. म्हणून मांडव मांडवच राहिला, गणपतीची मूर्ती तिथेच ठेवली, आणि दुपारचा समारंभ कोठारात झाला. माझ्या नवऱ्याला त्या वेळी एक अभंग म्हणायचा होता. बाईंनी रजिस्ट्रारना आधीच विचारून ‘नाही’ असं उत्तर आणून ठेवलं होतं आणि अभंगाची जागा संध्याकाळच्या भाषणांत, सगळ्यात पहिली, ठरवून टाकली होती. आयत्या वेळी कोणी ‘हे चालणार नाही’ म्हणालं असतं तर ते माझ्या नवऱ्याला फार लागलं असतं.

दुपारी दोनला काउंटीकडून दोघीजणी आल्या, एक लग्न लावणारी आणि एक नोंद करणारी. आधी मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून माहिती ताडून पाहिली. मग ठरलेली वाक्यं, अंगठ्या, सह्या. सगळं वीस-पंचवीस मिनिटांत. मला वाटलं होतं की ही नुसती कागदपत्रांची बाब असेल. पण ज्या कागदावर सह्या झाल्या त्यावर माझं नाव होतं. इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीत वर्षानुवर्षं फक्त वडिलांचं नाव लिहीत, ४ मे २०२१ पासून आईचंही लिहितात. हे बाईंनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि नोंदीसाठी नावाचं स्पेलिंग पासपोर्टावरून तपासून घेतलं होतं. विहीणबाईंचं आणि माझं नाव एकाच कागदावर पाहताना डोळे भरून आले. साक्षीदार दोन लागतात. आमच्याकडून माझा मुलगा आणि त्यांच्याकडून जावयाची चुलत बहीण.

नऊवारी उतरवून पांढरा गाऊन घालायला बाईंनी दीड तास धरला होता. मला तो जास्त वाटला, पण केस सोडवून पुन्हा बांधण्यातच पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात पाहुणे जेवत होते, त्यामुळे कोणी ताटकळलं नाही.

होमाचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. कोठाराचं छत जुन्या ओक लाकडाचं, इमारत संरक्षित, आत काडीसुद्धा ओढायला बंदी. एका ठिकाणी तर आम्हाला विजेवर चालणारा खोटा अग्नी सुचवला होता. अग्नीच्या साक्षीने लग्न लावायचं आणि अग्नी खोटा, हे मला मान्यच होणार नव्हतं. बाईंनी हिरवळीवर तिन्ही बाजूंनी उघडा मोठा तंबू उभारला, तोही आग न धरणाऱ्या कापडाचा. मधोमध लोखंडी ट्रेमध्ये वाळू, वर तांब्याचं कुंड, शेजारी अग्निशामक घेऊन एक माणूस. जागेच्या विमा कंपनीचं पत्रही त्यांनीच आणलं. आणि आधी एकदा गुरुजींना बोलावून त्याच कुंडात तुपाच्या आहुती घालून ज्वाळा किती वर जाते हे पाहिलं. त्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. बाईंनी वाऱ्याची दिशा बघून तंबूची बंद बाजू फिरवून घेतली होती, त्यामुळे धूर बाहेर गेला आणि पाऊस आत आला नाही.

पायात चपला न घालता ओल्या हिरवळीवर बसायचं, तेही चौदा-पंधरा अंशांत, रेशमी साड्या नेसून. त्यासाठी जाड जूट अंथरलं होतं, टोपल्यांत लोकरी मोजे आणि शाली ठेवल्या होत्या, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या. माझ्या मोठ्या जाऊबाई या शालींचं अजून नाव काढतात.

अक्षतांवरूनही थोडी घासाघीस झाली. कोठाराच्या नियमांत तांदूळ उधळायला मनाई होती, कारण दगडी फरशीवर पाय घसरतात. गंमत म्हणजे पूर्वी इंग्रज लोकही नवरानवरीवर तांदूळच टाकत, कागदी तुकडे नंतर आले. बाईंनी जागेच्या मालकांना हीच आठवण करून दिली आणि हिरवळीवर अक्षतांना परवानगी मिळवली. दुपारी कोठाराबाहेर मग फुलांच्या वाळलेल्या पाकळ्या. सकाळी अक्षता कधी टाकायच्या हे इंग्रज पाहुण्यांना कळावं म्हणून प्रत्येकाच्या जागेवर दोन्ही भाषांत छापलेला एक घडीचा कागद होता, आणि ‘सावधान’ ऐकू आलं की टाका, एवढंच त्यावर ठळक केलं होतं. सगळे इतक्या उत्साहाने ‘सावधान’ म्हणत होते की गुरुजींचा आवाज बुडाला.

विहीणबाईंचा सूनमुखाचा प्रसंग मी विसरणार नाही. बाईंनी त्यांच्यासाठी खास खुर्ची आणि छोटा चांदीचा आरसा तयार ठेवला होता. आरशात सुनेचा चेहरा पाहिल्यावर त्या तिला म्हणाल्या, की मला मुलगी नव्हती. कानपिळीच्या वेळी माझ्या मुलाने जावयाचा कान पिळला तेव्हा त्यांच्या बाजूचे तरुण उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

जेवणाबद्दल लिहावं तेवढं थोडं. केटरर लंडनहून आलेले, मराठी पद्धतीचं करणारे. मेनू आमचा: मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुरी, वरणभात-तूप, जिलबी, मठ्ठा. तिकडे चौदा पदार्थांची एक यादी आहे, त्यातलं जे जे जेवणात असेल ते पाहुण्यांना सांगणं कायद्याने बंधनकारक. त्यात शेंगदाणा आला, दूध आलं, काजू आले, तीळ आले, आणि मोहरीसुद्धा! म्हणजे आपली प्रत्येक फोडणी. जावयाच्या एका मित्राला शेंगदाण्याची जीवघेणी अॅलर्जी होती. बाईंनी केटररला नुसतं सांगून सोडलं नाही, प्रत्येक पदार्थ कशाकशाचा हे लिहून घेतलं. कोशिंबिरीतला दाण्याचा कूट गेला, तिथे ओलं खोबरं आलं. अळूच्या भाजीतले दाणे गेले. आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचली, कारण बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं आणि विहीणबाईंच्या मावशीला गहू वर्ज्य. त्यांच्यासाठी गव्हाशिवायचा हिंग शोधला. इतकी काळजी मी घरच्या कार्यातही पाहिलेली नाही. भारतातून येणाऱ्यांनाही त्यांनी वेळेवर कळवलं, की तूप, पेढे, बर्फी असलं दुधाचं काही सामानात आणू नका, विमानतळावर काढून घेतात. तूप तिकडेच घेतलं. साळीच्या लाह्या मात्र मी पुण्याहून नेल्या, कारण नमुना म्हणून त्यांना तिकडे मिळालेले कुरमुरे होते आणि लाजाहोमाला ते चालले नसते.

रजिस्ट्रारचं काम होईपर्यंत बार बंद ठेवायचा, हाही त्यांचाच निर्णय. सकाळी आलेल्यांना कोकम सरबत आणि तिकडचं एल्डरफ्लॉवरचं सरबत. इंग्रज पाहुण्यांनी कोकमच जास्त प्यायलं.

संध्याकाळी भाषणं. तिकडच्या रीतीप्रमाणे मुलीचे वडील, नवरा मुलगा आणि त्याचा जिवलग मित्र बोलतात. बाईंनी यादी दाखवताना विचारलं, “आई नाही बोलणार?” मी मराठीत बोलले, लेकीच्या मैत्रिणीने इंग्रजीत सांगितलं. केक कापायच्या आधी दोघांचे उखाणे झाले. जावयाने पाठ केलेला उखाणा एका दमात म्हटला आणि नाव घेताना तेवढा लाजला.

आता कमी पडलं ते. पंगतीत वाढणाऱ्या मुलांना ताटाची डावी-उजवी बाजू कोणी शिकवलीच नव्हती. चटणी-कोशिंबीर उजवीकडे, भाजी डावीकडे, मीठ नाहीच, आणि जिलबी शेवटचं गोड म्हणून मागे ठेवलेली. माझी बहीण आणि धाकट्या जाऊबाई उठल्या, दुसऱ्या पंगतीपासून नीट झालं. ताट कसं वाढायचं याचं चित्र मी पाठवलं होतं, ते बाईंच्या कार्यालयातून केटररच्या माणसांपर्यंत पोचलं नाही. त्यांनी सुचवलेल्या फोटोग्राफरने अंतरपाट दूर होतानाचा क्षण नवऱ्या मुलाच्या पाठीमागून टिपला, त्यामुळे त्या फोटोत लेकीचा चेहराच दिसत नाही. तो क्षण आता पुन्हा येणार नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्याने आपलं लग्न कधी टिपलेलं नाही त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला, कोणत्या विधीला कुठे उभं राहायचं ते सांगा. शनिवार-रविवारी बाई ईमेलला उत्तर देत नाहीत. त्या दिवशी त्या दुसऱ्यांच्या लग्नात असतात हे समजतं, पण आपल्याकडच्या नोकरी करणाऱ्या माणसांना तेवढेच दोन दिवस मोकळे असतात.

पैशाचं स्पष्ट लिहिते. त्यांची स्वतःची फी साडेचार हजार पौंडांच्या आसपास, आणि त्या कामाला ती योग्य वाटली. पण पहिल्या अंदाजपत्रकात व्हॅट धरलेला नव्हता. तिकडे तो २० टक्के आहे, म्हणजे एकूण आकड्यात केवढा फरक पडतो पाहा. तंबूतले हीटर आणि बाहेरचा केटरर आणल्याबद्दल कोठारवाल्यांनी लावलेली रक्कम, हेही नंतर कळलं. विचारल्यावर बाईंनी दोन्हींचा हिशेब लगेच दिला आणि हीटरच्या खर्चातला निम्मा स्वतः सोसला. तरीही पहिल्या दिवशीच व्हॅटसकट, सगळ्या वरखर्चासकट आकडा लेखी मागा.

भारतातून येणाऱ्यांच्या व्हिसा अर्जाला जोडायला त्यांनी जागेच्या बुकिंगचं पत्र प्रत्येक कुटुंबाच्या नावानिशी दिलं. लहान गोष्ट, पण माझ्या भावाला तिचा फार उपयोग झाला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा फोटोसाठी आणि पंगतीसाठी कापला. जून-जुलैचे शनिवार त्यांच्याकडे फार आधी भरतात. शुक्रवार चालत असेल तर कोठाराचं भाडंही कमी पडतं. तांब्याचं कुंड, दोन पाट, चौरंग आणि स्वस्तिक काढलेला अंतरपाट आम्ही त्यांच्याच गोदामात ठेवून आलो आहोत. तुमच्या घरचं कार्य असेल तर त्यांना सांगा, ते वापरायला मिळेल.